काही बिघडलेलं नसताना येणारे मिस्त्रीभाऊ: दक्षिण नागपुरातल्या एका घरदेखभाल सेवेचा अनुभव

नागपुरात घर बांधणारे मिळतात, रंगवणारे मिळतात, गच्चीला कोटिंग करणारे तर एप्रिल लागला की गेटात पत्रकं अडकवून जातात. घर ठीकठाक असताना येऊन ते नीट पाहणारा, पाहिलेलं लिहून ठेवणारा आणि गरज नसेल तर "ताई, इथे यंदा काही करू नका" असं सांगून जाणारा माणूस मात्र शोधावा लागतो. आम्हाला तो शेजाऱ्यांमुळे मिळाला. वर्षाचे ठरलेले पैसे आणि वर्षातून चार फेऱ्या अशी ही सेवा आहे. घरावर आजवर जे पैसे खर्च झाले, त्यातले सर्वांत सत्कारणी लागलेले हेच, असं माझं मत झालं आहे.

त्यांचं नाव मी देत नाही. त्यांची पाटी नाही, कार्ड नाही, घरं ओळखीतूनच घेतात. मी हे लिहिणार म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं, "नाव टाकू नका ताई. घरं वाढली की पाहणं घाईचं होते." तरीही लिहिते आहे, कारण अशी सोय कोणत्याही ले-आऊटमध्ये चार घरांनी मिळून करता येईल. फक्त त्या माणसाने नेमकं काय पाहायला हवं, हे घरमालकाला ठाऊक पाहिजे.

मानेवाडा-बेसा रस्त्यावरून आत गेलं की जे ले-आऊट लागतात, त्यातल्या एकात आमचं घर आहे. सासऱ्यांनी १९९६ साली बांधलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्यावर उघडी गच्ची. मी बँकेत नोकरी करते, मिस्टर बाहेरगावी असतात आणि घरी सासूबाई, वय ७९. नळ गळला की वेगळा प्लंबर, कुलर बंद पडला की वेगळा मेकॅनिक आणि प्रत्येकाला घराची कुंडली पहिल्यापासून सांगायची, हे आमच्याच्याने होण्यासारखं नाही.

मिस्त्रीभाऊ मूळचे गवंडी, साठीच्या घरातले. सोबत पुतण्या असतो, तो आयटीआय झालेला वायरमन. वर्षाचे ४,८०० रुपये, दोन हप्त्यांत. त्यात पाहणी आणि अर्ध्या दिवसात उरकेल इतक्या दुरुस्तीची मजुरी येते. सामान आपलं. ते बहुधा इतवारीतल्या लोहा ओळीतून आणतात आणि दुकानाचं बिल वहीत टाचून ठेवतात. त्याहून मोठं काम निघालं तर अंदाज लिहून देतात, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या कोणाकडूनही काम करून घ्यायची मोकळीक असते. माझ्या मते या सेवेतली सगळ्यात मोलाची अट ही. तपासणारा आणि दुरुस्ती विकणारा एकच असला की प्रत्येक भेगेतून काम निघतं. मिस्त्रीभाऊंना पाहण्याचेच पैसे मिळतात, त्यामुळे काम काढून दाखवायची त्यांना गरज पडत नाही.

फेऱ्या नागपूरच्या हवामानाप्रमाणे लावलेल्या आहेत. होळीच्या आधी वीज आणि कुलर, मेमध्ये नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) लागायच्या आधी गच्ची, पोळ्याच्या सुमाराला ओल आणि भेगा, दिवाळीनंतर टाक्या, गिझर, दारं-खिडक्या.

होळीच्या आधीच्या फेरीबद्दल आधी लिहिते, कारण ती जिवाशी निगडित आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. महावितरण दरवर्षी कुलरची वायर आणि अर्थिंग तपासून घ्या म्हणून आवाहन करते. आपल्याकडचा कुलर पत्र्याचा, खाली पाण्याची टाकी, भोवती ओली फरशी आणि जवळ जाणारा माणूस बहुतेक वेळा अनवाणी. पंपाच्या वायरवरचं आवरण एका जागी जरी गेलं तरी आख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो करंट जमिनीत जातो आणि वरचं बटण पडतं. अर्थिंग नसेल तर कुलर नेहमीसारखा चालत राहतो, आणि पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जमिनीत जातो.

पुतण्याने पहिल्याच फेरीत आमच्या मागच्या अंगणातलं अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उघडलं. आत माती भुसभुशीत, कोरडी ठक्क. त्याने आधी शंभर वॉटचा जुना बल्ब होल्डरला लावून फेज आणि अर्थिंगमध्ये धरला. बल्ब बऱ्यापैकी उजळला. मला वाटलं झालं. तर तो म्हणाला, "ताई, बल्ब मंद लागला तर अर्थिंग खराब आहे हे पक्कं. पण लख्ख लागला म्हणून चांगलं आहे असं नाही समजायचं, मीटरवर पाहावं लागते." मग त्याने अंगणात दोन खिळे ठोकून, वायरी ओढून मीटर लावला. २२ ओहम. घरासाठी तो आकडा ५ च्या आत असावा असं धरतात. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरला, गंजलेला क्लॅम्प बदलला, तार घासून घट्ट केली, पाणी सोडलं. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा ४ वर आला. हे दोन्ही आकडे वहीत तारखेसकट आहेत आणि दरवर्षी त्यांच्याखाली नवा आकडा चढतो. हे बल्बचं काम घरच्या घरी करून पाहू नका, जिवंत वायर हातात असते.

या खड्ड्याबद्दल त्याने एक गोष्ट सांगितली ती मी सगळ्यांना सांगत असते. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, आणि आपल्याकडे माती कोरडी पडते ती नेमकी कुलर चालतात त्याच महिन्यांत. पावसाळ्यात तपासून "उत्तम" आलेलं अर्थिंग मे महिन्यात तसं राहीलच असं नाही. तेव्हापासून आई, म्हणजे सासूबाई, रोज संध्याकाळी भाजी धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात ओततात. मार्च ते जून, न चुकता.

मेन बोर्डवर त्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यायला सांगितलं. घरात जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांत तेवढासा फरक पडला, म्हणजे थोडा जरी करंट भलतीकडून जमिनीत गेला, की हा क्षणात वीज तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. एमसीबी लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो, माणसाला शॉक लागला म्हणून पडत नाही. बऱ्याच घरांत बोर्डवर एमसीबीची रांग बघून लोक निर्धास्त असतात. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं आणि वीज गेली पाहिजे. आमच्याकडे हे काम पहिल्या तारखेला आई करतात.

मग प्रत्यक्ष कुलर. दोन्ही कुलर अंगणात काढून टाकीचा गंज तारेच्या ब्रशने घासतात, आतून डांबर मारतात, पंख्याला ग्रीस देतात, गवताच्या ताट्या बदलतात. एका कुलरला मी वाळ्याची ताटी लावून घेते, महाग पडते पण तो वास मला हवा असतो. पंपाची वायर पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपून पाहतात. मधे चिकटपट्टी लावलेला जोड दिसला की वायरच बदलतात, पट्टीवर पट्टी नाही. आमच्या एका कुलरला दोन पिनांचा प्लग होता, म्हणजे अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी कुलरपर्यंत पोहोचतच नव्हतं. तो तीन पिनांचा झाला. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढून मगच भरायचं, हे त्याने आईंना आणि आमच्या कामवाल्या मावशींना दोघींना उभं करून दाखवलं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची हेही सांगितलं. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही.

आता गच्ची. नागपूरच्या गच्चीवर फार मोठा मारा असतो. मेमध्ये पारा ४५ च्या वर, स्लॅब दिवसभर तापतो, रात्री निवतो, रोज फुगतो आणि आक्रसतो. मग जूनमध्ये त्याच तापून फाटलेल्या पृष्ठभागावर पहिला पाऊस. त्यामुळे मेची फेरी ही खरी परीक्षा, आणि मिस्त्रीभाऊंची किंमत मला इथे कळली.

वरच्या मागच्या खोलीच्या छताला एक ओलसर डाग होता. ते आमच्याकडे येण्याआधी एका कोटिंगवाल्याने तो पाहून सगळ्या गच्चीला कोटिंग करायचे ६२,००० रुपये सांगितले होते आणि निम्मे आगाऊ मागितले होते. मिस्त्रीभाऊ खोलीत आले, डागाकडे बराच वेळ पाहत राहिले, स्टुलावर चढून बोट लावलं आणि म्हणाले, "पाऊस जाऊन किती महिने झाले? अन् डाग तर आता ओला आहे. हे पावसाचं पाणी नाही ताई. पाणी कुठून येऊन राहिलं ते पाहू, मग पैसे काढा."

त्यांनी काय केलं ते नीट सांगते, कारण हे कोणालाही करता येईल. गच्चीवर, डागाच्या बरोबर वर आणि तिथून थोड्या थोड्या अंतरावर त्यांनी दीड-दीड फुटाचे प्लास्टिकचे तुकडे चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून संध्याकाळी लावले. सकाळी पाहिलं तर डागाच्या वरचा तुकडा आतून कोरडा, आणि पाण्याच्या टाकीच्या ओट्याजवळच्या तुकड्याखाली थेंब जमलेले. मग त्यांनी टाकीच्या ओट्याच्या कडेला मातीचा बांध घातला आणि कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी तिथे साठवलं. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या डागाच्या कडेला फिकट निळी रेघ उतरली होती. टाकीतून निघणाऱ्या पाइपचा जोड थेंबथेंब गळत होता, ते पाणी ओट्याखालच्या भेगेतून स्लॅबमध्ये शिरून उताराने चालत जाऊन पाच-सहा फुटांवर खोलीत उतरत होतं. जोड बदलला, ओट्याभोवतीची भेग खोदून भरली, टाकीचा प्लास्टिकचा बॉल कॉक काढून पितळेचा लावला. सामान धरून १,९०० रुपये. डाग वाळला आणि पुढच्या पावसाळ्यात परत आला नाही.

याचा अर्थ आमच्या गच्चीला काहीच नको होतं असं नाही. कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तो सांधा उत्तरेच्या बाजूने सुटला होता आणि एका कोपऱ्यात पिंपळाचं रोप आलं होतं. पिंपळ नुसता उपटला की मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतं. त्यांनी प्लास्टर फोडून मूळ जिथपर्यंत सापडलं तिथपर्यंत काढलं. सांध्याची भेग छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद केली, कारण वरवर भरलेला मसाला पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. ती भरून त्यावर सिमेंटची गोलाई दिली, म्हणजे कोपऱ्यात पाणी थांबत नाही. मग फक्त त्या पट्ट्याला आणि ओट्याभोवती रबरासारखा ताणला जाणारा कोट, दोन थरांच्या मध्ये फायबरची जाळी घालून. सगळ्या गच्चीला नाही.

कोट लावायची वेळ ते फार जपतात. पहाटे उजाडताना सुरू आणि ऊन चढायच्या आत बंद. स्लॅबवर तळहात टेकवून दहा आकडे मोजता आले तर लावायचं, हात उचलावासा वाटला तर काम थांबवायचं. तापलेल्या स्लॅबवर कोटातलं पाणी झटकन उडून जातं, थर नीट जुळत नाही आणि सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. आणि स्लॅब आतून ओला असताना लावला तर उन्हाने आतली वाफ वर येऊन फुगे धरतात. आमच्या ओळीतल्या दोन घरांच्या गच्च्यांवर असे फुगे मी स्वतः पाहिले आहेत. तिथे भर दुपारी काम चाललेलं असायचं.

शेवटी पाणी भरून तपासणी. पन्हाळीची तोंडं फडकं आणि विटेने बंद करून दोन इंच पाणी एक दिवस-रात्र ठेवायचं, खाली छत पाहत राहायचं, मग तोंडं मोकळी करून पाणी किती वेळात जातं आणि कुठे डबकं उरतं ते पाहायचं. जिथे डबकं उरलं तिथे वहीत फुली. सांधा निखळ कोरडा राहिला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर मला जे समाधान वाटलं, ते कोणत्याही कंपनीच्या गॅरंटीच्या कागदाने वाटलं नसतं.

पोळ्याच्या फेरीत भेगा. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मेमध्ये मोकळ्या प्लॉटमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या सगळ्यांनीच पाहिल्या असतील. घर त्याच मातीवर उभं आहे, त्यामुळे ते थोडं हलणारच. आमच्या हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे, आणि प्रत्येक रंगारी ती लांबी (पुट्टी) भरून झाकून टाकतो. मिस्त्रीभाऊंनी रंगाऱ्याला तिथे हात लावू दिला नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. मध्यावर प्लास्टिकच्या पट्टीने रुंदी मोजून तीही लिहिली. आता तिथे तारखांची छोटी ओळ झाली आहे. मेमध्ये भेग रुंदावते, सप्टेंबरात मिटत येते, पण टोकांच्या रेघा ओलांडून पुढे गेलेली नाही. अशा श्वास घेणाऱ्या भेगेत कडक सिमेंट भरण्यात अर्थ नाही, लवचीक भरण घालायचं. ती टोकाच्या रेघेपुढे गेली किंवा पावसाळ्यानंतरही मिटली नाही, तर मात्र आपण गवंडी आहोत, इंजिनिअरला दाखवा, असं त्यांनी साफ सांगून ठेवलं आहे. पाहुणे भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा बघून विचारतात. मला त्यांचं काही वाटत नाही, त्या पुसू देत नाही.

याच फेरीत घराभोवतालचा उतार पाहतात. पायाशी पाणी साचू द्यायचं नाही, नळाची गळती पायाजवळ असेल तर त्याच दिवशी बंद, आणि मोठी झाडं भिंतीला खेटून नकोत. पश्चिमेच्या कोपऱ्यातली फरशी घराकडे झुकली होती, ती उचलून उलट उताराने बसवली. गडर लाइनचे, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीचे, चेंबर उघडून गाळ काढतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पाऊस नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. आमच्याकडे तेवढं काही झालं नाही, पण त्यानंतर मिस्त्रीभाऊंनी चेंबरमधलं पाणी उलटं घरात येऊ नये म्हणून एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायला सुचवली. आम्ही बसवली. तिच्यात कचरा अडकतो, तेव्हा ती दर पावसाळ्याआधी साफ करावी लागते.

दिवाळीनंतरच्या फेरीत दोन्ही टाक्या धुतात, गिझरची सेफ्टी व्हॉल्व्ह पाहतात, बिजागऱ्यांना तेल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, गॅसच्या नळीवरची तारीख. ती सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते, ओट्याखाली वाकून एकदा पाहा.

वही घरातच राहते, त्यांच्याकडे नाही. दोनशे पानी जाड वही, एकेका खोलीला काही पानं. अक्षर वाचायला त्रास होतो, पण चित्रं छान काढतात. छताचा चौकोन, त्यात डागाची जागा, भिंतीपासून किती हात. पाइप भिंतीतून कुठून गेले आहेत हे त्यात असल्याने मागच्या वर्षी वॉटर प्युरिफायर बसवणाऱ्याला ड्रिल कुठे मारू नये ते मी दाखवू शकले. पुढेमागे घर विकलं तरी ही वही घेणाऱ्याला देण्यासारखी आहे.

आता न पटलेल्या गोष्टी. मे महिन्यात त्यांच्याकडे फार गर्दी होते आणि तारीख पुढे ढकलली जाते. एका वर्षी आमची फेरी मेच्या अगदी अखेरीला आली, कोट लावला त्याच संध्याकाळी वादळी पाऊस झाला आणि एक पट्टा धुऊन गेला. त्यांनी तो परत केला, मजुरी घेतली नाही, पण कोटाचा नवा डबा आम्हालाच घ्यायला लावला. उशीर त्यांचा होता, त्यामुळे डबा त्यांनी द्यायला हवा होता. मी तसं तोंडावर सांगितलं आणि त्यापुढच्या वर्षापासून आमची तारीख एप्रिलअखेरची ठरली. दुसरं, ते फोन रात्री आठनंतरच घेतात. दिवसा अचानक पाइप फुटला तर त्यांची आशा धरू नका, त्यासाठी जवळचा प्लंबर ओळखीचा असलाच पाहिजे. तिसरं, वाळवीचं काम करत नाहीत. चौकटीवर मातीची नळी दिसली तर दाखवतात, "उधई लागली" म्हणून वहीत लिहितात, पण औषध फवारणीसाठी परवानाधारक माणूस वेगळा बोलवावा लागतो. ॲल्युमिनिअमच्या खिडक्यांचंही त्यांना फारसं येत नाही, आमची एक सरकती खिडकी अजून अडकते. पक्कं बिल मिळत नाही. आणि फेरी चालू असताना घरातलं कोणीतरी पूर्ण वेळ सोबत पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. मला त्यासाठी रविवार राखून ठेवावा लागतो, पण सोबत फिरल्यामुळेच घराचं मला इतकं कळायला लागलं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना या सेवेतला अर्धाच भाग उपयोगी पडेल, कारण गच्ची, टाकी आणि गडर लाइन सोसायटीकडे असतात. स्वतंत्र घर असेल, त्यातून घरात वयस्कर माणसं असतील, तर जरूर करा. असा माणूस ठरवताना मी आता हे विचारीन: अर्थिंग मीटरवर मोजून आकडा लिहून देणार का? ओल दिसली तर पाणी कुठून येतं ते शोधण्याचे वेगळे पैसे घेणार का? मोठ्या कामाचा अंदाज लेखी देऊन ते दुसऱ्याकडून करू देणार का? गच्चीच्या फेरीची तारीख आधी नक्की करणार का, आणि उशिरामुळे नुकसान झालं तर सामान कोण भरणार? शेवटचा प्रश्न आमच्या बाबतीत उशिरा विचारला गेला असला तरी आता त्याचं उत्तर वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

पुढच्या वर्षीपासून दर ५,४०० होणार आहे. मी हो म्हटलं आहे. नागपूरच्या महाल भागात माझ्या माहेरचं जुनं घर आहे, कवेलूचं (कौलांचं), सागवानी खांबांचं. तेही त्यांनी घ्यावं म्हणून मी विचारलं, जास्त पैसे देते म्हटलं. ते एकदा येऊन सगळं फिरून पाहून गेले, आढ्याखाली उभं राहून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, स्लॅबचं मला समजते. या घराला कवेलू चाळणारा अन् लाकूड ओळखणारा माणूस पाहिजे, मी हात लावला तर बिघडवीन." फेरीचे पैसे घेतले नाहीत. इतवारीतल्या एका म्हाताऱ्या सुताराचा पत्ता दिला, आणि त्या सुतारांशी माझं बोलणं सुरू आहे. पाऊस लागायच्या आत ते कवेलू चाळून देणार आहेत. काम कसं झालं ते त्यानंतर लिहीन.